रोझालीच्या हनुवटीइतकं झाड

बोनिफास मँडेविलला फोर्ट ओनोरेत पूर्ण नावाने हाक मारणारं माणूस एकच, त्याची बायको रोझाली, आणि तीही चिडली तरच. बाकी गावाचा तो बोनी, आणि विमानं घेऊन येणाऱ्यांचा बोनीकाका. उंची सहा फूट दोन इंच, बोलणं जेवढ्यास तेवढं, आणि आपल्या कामाचा अभिमान इतका की तो लपवता यावा म्हणूनच हा माणूस कमी बोलतो असा आम्हा सगळ्यांचा संशय होता. एकेचाळीस वर्षं त्याने आमच्या विमानतळाची धावपट्टी सांभाळली. उन्हाळ्यात खडी सपाट करायची आणि हिवाळ्यात बर्फ. आमचा हिवाळा ऑक्टोबरात येऊन बसतो तो मेमध्ये उठतो, तेव्हा खडीशी त्याचा संबंध तसा पाहुण्यासारखाच.

शहराहून आठवड्यातून तीनदा जेट विमान येतं. रस्ता आहे, पण तो तळं गोठलं की तळ्यावरून, आणि तोही दोन-अडीच महिने. त्यामुळे अंडी, पत्रं, दाताचा डॉक्टर आणि सासरी गेलेल्या मुली, सगळं विमानातूनच उतरतं. विमान आलं नाही तर गावाचं तोंड वाकडं होतं.

आता हिवाळ्यात आमच्याकडे काही दिवस असे असतात की आभाळ पांढरं, जमीन पांढरी आणि सावली कशाचीच पडत नाही. आम्ही त्याला दुधाळ उजेड म्हणतो. हातातला मग खाली ठेवायला जावं आणि टेबल नेमकं कुठे आहे ते कळू नये, तशी अशा उजेडात वैमानिकाची गत होते. जमीन आहे हे त्याला ठाऊक असतं, पण किती खाली आहे ते डोळे सांगत नाहीत. बोनीच्या नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात एक कॅप्टन विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये बसून याचीच तक्रार करत होता. त्याला चहा देणारी मुलगी म्हणजे रोझाली. तेव्हा ती बोनीची कुणी नव्हती, निदान तिच्या मते तरी नव्हती. ती म्हणाली, माझे वडील गोठलेल्या तळ्यावर, चाकांऐवजी स्की लावलेली विमानं उतरवून घ्यायला दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या झाडांच्या हिरव्यागार फांद्या रोवायचे, त्यात एवढं कठीण काय आहे? बोनीने ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात तिला घेऊन जंगलात गेला. झाडांसाठी गेला की तिच्यासाठी, हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

त्याने पहिली पाच-सहा झाडं हाताला येतील तशी तोडली. रोझालीने ती टाकून द्यायला लावली. म्हणाली, सगळी एका मापाची हवीत, नाहीतर न्हाव्याने रागात केस कापल्यासारखं दिसेल. माप कसलं घ्यायचं? जवळ टेप नव्हती. ती एका रोपट्याला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या हनुवटीपर्यंत. इथे काप."

ते माप ठरलं ते ठरलंच. पुढे लग्न झालं, मुली झाल्या, मुली शहरात गेल्या, तरी दर वर्षी पहिलं झाड रोझालीच्या हनुवटीला लावून कापायचं आणि त्या झाडावरून बाकीची एकशे चोवीस. धावपट्टीच्या कडेच्या बर्फात ती ओळीने रोवली की बोनीचा हिवाळा सुरू झाला. सडपातळ, करंगळीएवढ्या बुंध्याची रोपटी ती, चाक लागलं तर मोडून पडावीत अशी. नियमांच्या कुठल्या पुस्तकात ती नव्हती. तपासणीला येणारे साहेब जुलैत यायचे, तेव्हा ती नसायचीच. विमानतळाचा व्यवस्थापक डुएन त्या विषयावर एकेचाळीस वर्षांतली शेवटची अकरा वर्षं गप्प होता, त्याच्या आधीचा त्याच्या आधीची सगळी.

आणि वैमानिकांची रीत अशी पडली की नवा माणूस पहिल्यांदा आला की जुना त्याला आधी कॅन्टीनमध्ये न्यायचा. "ही रोझाली. हिची हनुवटी नीट बघून ठेव, झाडं तेवढीच असतात." रोझाली चहाची किटली खाली ठेवून मान वर करून उभी राहायची, फोटो काढायला उभी राहावी तशी. शार्लीन वीब चौदा वर्षांपूर्वी को-पायलट म्हणून आली तेव्हा तिनेही अशीच हनुवटी पाहून घेतली होती. पुढे ती कॅप्टन झाली, बोनी तिला कौतुकाने कॅप्टनबाई म्हणू लागला, आणि ती उतरली की त्याच्यासाठी शहरातून जाड आलेपाक आणायची. दुधाळ उजेडात झाडांवरून जमिनीचं अंतर ताडून, टेकण्याआधी विमानाचं नाक नेमकं कधी उचलायचं ते तिच्यासारखं कुणालाच जमत नाही, असं बोनी म्हणायचा. यंत्रावरचा उंचीचा आकडा को-पायलट मोठ्याने वाचत असतोच, पण डोळ्यांनी पाहिलेलं माणसाला जास्त खरं वाटतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात रोझालीला खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात जावं लागलं. दोन वर्षं ती काठीवर वाकून चालत होती आणि नंबर आता लागला होता. सहा-सात आठवडे तिकडेच राहायचं होतं. बोनी एकटाच जंगलात गेला. पहिलं झाड समोर धरलं आणि रोझाली इथे उभी आहे असं मनाशी आणलं. तिची हनुवटी कुठे येते ते त्याला पाठ होतं. तिथे खूण केली, कापलं, त्यावरून बाकीची कापली आणि रोवून टाकली. टेप काढावी असं त्याच्या मनातही आलं नाही. स्वतःच्या बायकोची उंची कुणी टेपने मोजतं का?

नोव्हेंबरभर विमानं जरा आपटतच उतरत होती. कंपनीने यंदा जड माणसं भरती केली आहेत, असं गाव म्हणालं आणि हसलं. उन्हाच्या दिवशी सावल्या असतात, म्हणून निभावत होतं.

तीन डिसेंबरच्या मंगळवारी सकाळी उजेड अगदी दुधाळ होता. त्या दिवशीच्या विमानातून रोझाली घरी येणार होती. बोनीने पहाटेपासून धावपट्टी दोनदा साफ केली, दाढी केली, नवी टोपी घातली. घरी बॅनक, म्हणजे आमच्याकडची मैद्याची जाड भाकरी, भाजून ठेवली होती, खालून करपलेली बाजू चाकूने खरवडून. बर्फ काढायचं यंत्र कडेला लावून तो उभा राहिला. विमान ढगातून बाहेर आलं, सरळ होतं, चाकं खाली होती. कोण चालवतंय ते त्याला दुरूनच कळायचं. कॅप्टनबाई. त्याला बरं वाटलं.

पट्टीच्या टोकावरून विमान आत आलं. आता नाक उचल, असं तो मनात म्हणाला, कारण चौदा वर्षं ती याच ठिकाणी नाक उचलत आली होती. नाक उचललं गेलं नाही. मग उचललं, पण तोवर उशीर झाला होता. विमान धप्पकन आदळलं, किंचित उसळलं, पुन्हा आदळलं, आणि डाव्या चाकाचा पाय मोडून आत गेला. पंख बर्फात रुतला. ते सगळं धूड वाकडं होत, झाडांची एक रांग आडवी करत, बर्फाच्या धुरळ्यात कडेला जाऊन थांबलं.

अठ्ठावन्न माणसं होती आणि अठ्ठावन्न जिवंत बाहेर आली, हे आधीच सांगून टाकतो. शाळेच्या बाईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं, एकाचे पुढचे दोन दात गेले, पाठी बऱ्याच जणांच्या दुखावल्या. पण बोनीला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. तो त्या बर्फातून, त्या वयात, धावला. दारातून फुगवलेली घसरगुंडी खाली आली होती आणि माणसं एकेक घसरत होती. सातवी की आठवी रोझाली. खाली आली, कुणाचा हात न धरता उठली, आणि ताठ उभी राहिली. तिच्याशेजारी एक झाड तेवढं उभं राहिलं होतं.

बोनीने हात पसरले होते ते तसेच राहिले. झाडाचा शेंडा तिच्या कोपराशी होता.

त्याचं तोंड बघून ती म्हणाली, "रडू नकोस रे. माझा खुबा शाबूत आहे, विमानाचाच मोडलाय."

तो रडत होता ते खुब्यासाठी नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर दोन वर्षांची वाकलेली रोझाली होती. तिला मनात उभं करून त्याने झाड कापलं होतं. ताठ रोझालीच्या मापाने बघायला शिकलेल्या डोळ्यांना फूटभर तोकडी झाडं दिसली, की ते डोळे म्हणणार, झाड लहान दिसतंय, म्हणजे आपण अजून बरेच वर आहोत. त्या 'अजून'मध्ये दोन सेकंद गेले. धावपट्टीवर दोन सेकंद फार असतात.

शार्लीन सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. भेटेल त्याला ती एकच सांगत होती, की चूक माझी आहे.

चौथ्या दिवशी शहरातून तपास अधिकारी आला. लायल ग्रीव्ह नावाचा, चष्म्याला दोरी बांधलेला, सावकाश बोलणारा माणूस. विमानतळावर उबदार खोली म्हणजे कॅन्टीनच, तेव्हा तिथेच त्याने कागद मांडले. को-पायलटने उंचीचे आकडे मोठ्याने आणि वेळेवर वाचले होते, ते ध्वनिफितीवर स्पष्ट ऐकू येत होतं. कॅप्टनने ते मानले नाहीत. आता तिचा परवाना राहतो की जातो एवढंच बघायचं, असं डुएन बोनीला सांगून गेला. जाताना मागे वळून म्हणाला, झाडांबद्दल कुणी विचारलेलं नाही, तिनेही विषय काढलेला नाही, तूही काढू नकोस. तुझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत.

बोनीने विषय काढला नाही. तीन दिवस तो यंत्रावर बसून साफ असलेली धावपट्टी साफ करत राहिला. गावात लोक शार्लीनला नावं ठेवत होते, चौदा वर्षं तिने आणलेली अंडी खाऊन. ते त्याच्या कानावर पडत होतं आणि तो टोपी खाली ओढत होता. भित्रा माणूस नव्हता तो. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेने माणूस भित्र्यासारखाच वागतो.

सातव्या दिवशी सकाळी रोझालीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि स्वतः समोर बसली.

"तू सांगतोस की मी विचारू?"

"काय?"

"त्या झाडाशेजारी मी उभी होते, बोनिफास. मला दिसतं."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मला वाटलं तू एवढीच आहेस."

"एवढा संसार झाला, चार मुली झाल्या, आणि बायको केवढी ते म्हाताऱ्याला ठाऊक नाही."

"दोन वर्षं तू मला एवढीच दिसत होतीस, रोझाली."

तिची थट्टा तिथेच थांबली. मग तिने त्याला एक गोष्ट सांगितली, जी दोन वर्षं सांगितली नव्हती. त्या दोन्ही ऑक्टोबरांत जंगलात गेल्यावर ती काठी टाकून दात-ओठ खाऊन ताठ उभी राहायची, झाडाला लागून, त्याची खूण करून होईपर्यंत. मग तो बाकीची झाडं कापायला वळला की ती गाडीत जाऊन बसायची आणि कळ जाईपर्यंत डोळे मिटून राहायची. ती कळ त्याने कधी पाहिली नव्हती, कारण तिने पाहू दिली नव्हती.

"मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू झाडं लावायचा थांबला असतास." ती उठली आणि त्याची टोपी त्याच्यापुढे टाकली. "चल. ती पोरगी तिथे बसून सगळं एकटीच्या अंगावर घेतेय."

कॅन्टीनमध्ये ग्रीव्ह कागद भरत होता आणि शार्लीन सहीसाठी बसली होती. सात दिवसांत ती वाळली होती. बोनीने टोपी काढली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना त्याला आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. ग्रीव्हला आधी काही उमजेना. त्याच्या कागदांत ती झाडं "कडेची रोपटी" एवढीच होती. हनुवटीचं ऐकून त्याने चष्मा काढला आणि पुन्हा लावला. म्हणाला, याला पुरावा काय?

रोझाली दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "मोजा."

आणि त्या गंभीर माणसाने टेप काढून आमच्या रोझालीची हनुवटी मोजली. एकशे एकोणतीस सेंटिमीटर. डुएन खाली मान घालून बाहेर गेला आणि उपटलेलं एक झाड घेऊन आला. ते अठ्ठ्याण्णव भरलं.

ग्रीव्ह शार्लीनकडे वळला. तुम्ही उतरताना या झाडांकडे बघत होतात का, असं त्याने विचारलं.

"सगळेच बघतात," ती म्हणाली.

"मग हे आधी का सांगितलं नाहीत?"

ती बोनीकडे बघत म्हणाली, "चाकं आदळली त्याच क्षणी मला कळलं होतं की झाडं लहान आहेत. काकांच्या नोकरीचे चार महिने राहिलेत. आणि आकडा माझ्या कानावर पडला होता. तो मी मानला नाही, हे काही खोटं नाही."

तेव्हा बोनी चिडला. त्याचा चढलेला आवाज आम्ही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"कॅप्टनबाई, त्या विमानात माझी बायको होती. मला वाचवायला तू गप्प बसलीस, लाजेपायी मी गप्प बसलो, आणि झाडं तिथेच उभी आहेत. तिकडे बघ. आजही उभी आहेत. उद्या त्यांच्याकडे बघून दुसरा कुणी उतरेल, आणि त्याच्या मागे दुसऱ्या कुणाची बायको बसलेली असेल."

शार्लीन रडली, आणि रोझालीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, दुखऱ्या पाठीवर बेताने.

ग्रीव्हने लिहिलेला कागद बाजूला सारून नवा घेतला. बोनीला तो म्हणाला, तुम्हाला वाटतं तसं हे एकट्या झाडांनी झालेलं नाही. उजेड दुधाळ होता, वारा थोडा पाठीमागून होता म्हणून विमान वेगात होतं, आकडा वाचला गेला आणि मानला गेला नाही, आणि झाडं तोकडी होती. यातलं एक काहीही नसतं तर कदाचित नुसता धक्का बसला असता. मात्र झाडांबद्दल तुमच्या नावानिशी लिहावं लागेल, आणि त्याचे परिणाम होतील. लिहायचं ना?

"लिहा," बोनी म्हणाला. "मँडेविलमध्ये एल दोन आणि शेवटी ई."

परिणाम झाले. झाडं काढायचा हुकूम आला, आणि ती काढायला बोनीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस लागले. शहराला परतायचं विमान मिळेपर्यंत शार्लीनही त्याच्याबरोबर पट्टीच्या कडेने चालत होती, उपटलेली झाडं ढकलगाडीत रचत. दोघं काय बोलली ते आम्हाला ठाऊक नाही, बहुधा काहीच नाही. मग बोनीला धावपट्टीवरून काढून गावाच्या रस्त्यांवर लावलं. शेवटचे चार महिने त्याने शाळेपुढचा आणि चर्चपुढचा बर्फ काढला. मला काही वाटत नाही, असं तो म्हणायचा. खोटं बोलायचा. विमानाचा आवाज आला की यंत्र जागच्या जागी थांबायचं आणि मागे गाड्यांची रांग लागायची, तरी कुणी भोंगा वाजवत नसे.

शार्लीनचा परवाना राहिला. तीन महिने तिला पुन्हा शिकायला बसवलं, वर्गात आणि खोट्या विमानात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा फोर्ट ओनोरेला येणार अशी बातमी आली, आणि अर्धं गाव कुंपणाशी जमलं. काहींना तिचं कौतुक करायचं होतं, काहींना ती कशी उतरते ते बघायचं होतं, आणि उरलेल्यांची त्या विमानात अंडी होती. बोनी आणि रोझाली कुंपणाच्या टोकाला उभे होते. त्याने तिचा हात धरला होता, आणि आता आधाराची गरज तिला नव्हे, त्याला होती.

उजेड नेमका दुधाळ. नव्या केशरी खुणा मागवल्या होत्या, पण त्या यायच्या होत्या. धावपट्टी मोकळी, कडा मोकळ्या, नजर टेकायला कुठेही काही नाही. विमान ढगातून बाहेर आलं. खाली आलं, आणखी खाली आलं. टोकावरून आत आलं. आणि मग इंजिनं एकदम गरजली, नाक वर झालं, आणि ते विमान आमच्या डोक्यांवरून, चाकं पोटात घेत, पुन्हा पांढऱ्यात शिरलं. थोड्या वेळाने डुएन बाहेर येऊन म्हणाला, आकडा जमीन आली म्हणत होता आणि डोळ्यांना जमिनीचा अंदाज येईना म्हणाली, परत शहराला गेली.

कुंपणाशी एकच बडबड सुटली. अंडी गेली, पत्रं गेली, दाताचा डॉक्टर गेला. घाबरली बिचारी, असं कुणी म्हणालं, आणि कुणी त्याहून वाईट. डुएनने बोनीकडे बघून सुस्कारा सोडला.

"तुझी झाडं असती तर उतरली असती."

"हो, उतरली असती," बोनी म्हणाला.

त्याने टोपी काढली होती आणि तो सगळ्यांच्या देखत रडत होता, आणि हसतही होता. त्या पांढऱ्या आभाळात आता काही दिसत नव्हतं, तरी तो तिकडेच टोपी हलवत राहिला. रोझालीने त्याला विचारलं की आता काय झालं.

"तिने आकडा मानला," तो म्हणाला. "माझ्या गावाच्या आभाळात येऊन, आम्ही सगळे खाली उभे असताना, तिने आकडा मानला आणि परत गेली."